हौशी खेळाडूंच्या रीलखाली पडणाऱ्या शिव्या कुणी थांबवायच्या?

मीनल_कोथरूड

नमस्कार मंडळी. घरात सगळे हतबल झालेत म्हणून हा धागा काढतेय. इथे मैदानावरची, कायद्यातली, कॅमेऱ्यामागची अशी सगळ्या प्रकारची माणसं आहेत.

माझी भाची कबड्डी खेळते. वय १९, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. संघ उपनगरातला, पूर्ण हौशी. मॅटचे बूट, नी-कॅप, बाहेरगावच्या स्पर्धेचं भाडं, सगळं घरचं. मागच्या आठवड्यात एका स्थानिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई तिच्या वाट्याला आली. संघ एका गुणाने मागे. उजव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, घोट्यात पकडली गेली, सामना गेला.

सामना यूट्यूबवर लाइव्ह होता. रातोरात कुणीतरी तेवढा तुकडा कापला, त्याला हसण्याचा आवाज लावला आणि इन्स्टावर टाकला. खालच्या कमेंटमध्ये "पोळ्या लाटायला जा" ही सगळ्यात सभ्य. बाकी शरीरावरून, आईबापावरून, आडनाव बघून जातीवरून. "बोनस का घेतला नाही, पैसे खाल्ले" हे तर कितीतरी जणांनी लिहिलंय.

त्या रात्री मी बहिणीकडेच होते. मध्यरात्री पाहिलं तर पांघरुणातून फोनचा उजेड. पोर एकेकाला उत्तर देत होती, "सॉरी दादा, पुढच्या वेळी नक्की." ज्याने तिच्या आईवरून शिवी दिली होती, त्यालाही सॉरी दादा. आणि त्या कमेंटवाल्यांत दोन नावं आमच्याच गल्लीतली.

उत्तर द्यावं की गप्प बसावं? पोलिसांत जावं का? आणि लाइव्हखालची चॅट आयोजकांनी बंदच ठेवावी, असा आग्रह धरावा का? माझं मत, धरावा.

कट्टेकरी

आधी फोन बहिणीच्या ताब्यात द्या. बाकी सगळं नंतर.

जुना_खोखोपटू

मुलीला त्रास झाला हे वाईटच. पण थोडं वेगळं बोलतो. आम्ही नेहरू स्टेडियमवर, स. प.च्या मैदानावर खेळलो तेव्हा प्रेक्षक काय फुलं उधळत नव्हते. पाटीवर बसलेला खेळाडू चुकून आधी उठला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. खुंटाजवळ सूर मारताना मागून काय काय ऐकू यायचं ते इथे लिहिता येणार नाही. त्यातूनच खेळाडू घट्ट होतो. बंदी घालून प्रेक्षक सुधारत नाहीत. मुलीला सांगा, पुढच्या सामन्यात चार चढाया मार, सगळे गप्प होतील.

अनघा_के

@जुना_खोखोपटू, काका, आदर ठेवून असहमत. तुमच्या वेळची आरोळी सामना संपला की मैदानातच विरायची. ओरडणारा समोर दिसायचा, फार अति झालं तर तुमचे प्रशिक्षक जाऊन त्याची गचांडी धरू शकायचे. इथे तोच तुकडा दिवसभर पुन्हा पुन्हा फिरतोय. तिचे कॉलेजातले सर बघतायत, मामा बघतोय, उद्या स्थळ बघायला येणारेही बघतील. आणि आडनावावरून जात काढणं हा कुठल्या खेळाचा सराव?

"चार चढाया मार" हेही पटलं नाही. चांगली खेळली तरच शिव्या थांबतील, असं त्या मुलीला सांगितल्यासारखं होतं. वाईट खेळण्याचा हक्क हौशी खेळाडूला नसेल तर कुणाला आहे?

मागची_रांग

अनघा, शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

पण काकांच्या म्हणण्यातलं थोडं उचलतो. पुरुषोत्तम करंडक आठवा. १९६३ पासूनची स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात एकांकिकेआधी "आव्वाज कुणाचा" सुरू झालं की छप्पर हलायचं. विरोधी कॉलेजची टिंगल व्हायची, कडक व्हायची. पण ती कॉलेजच्या नावाने. एखाद्या मुलीच्या घरचा पत्ता आणि आडनाव शोधून तिच्यामागे कुणी लागत नव्हतं. मला तरी फरक तिथे वाटतो.

चहा_बिनसाखरेचा

पुरुषोत्तमचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या कॉलेजने एका वर्षी घोषणाच अशी लांब केली होती की ती संपेपर्यंत पडदा वर गेला आणि पहिला संवाद आमच्याच आवाजात बुडाला. लेखक दोन दिवस बोलला नाही आमच्याशी.

मागची_रांग

@चहा_बिनसाखरेचा, कुठलं कॉलेज ते सांगूच नका, धागा इथेच संपेल.

आखाडावाला

कुस्तीचं बोलतो. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या कोथरूडलाच झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती, त्यात एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून सोशल मीडिया आठवडाभर पेटलेला होता. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. बिचारा महेंद्र, त्याने स्वतः गुण लिहून घेतले नव्हते, तो फक्त लढला. शेवटी गदा शिवराज राक्षेने नेली, पण लोकांच्या तोंडी तीच एक कुस्ती. त्याच वर्षी नोव्हेंबरला फुलगावला सिकंदरने शिवराजला हरवून केसरी मारली, म्हणजे मैदानात उत्तर मिळालं. पण मधल्या महिन्यांत दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या तालमींबद्दल, धर्माबद्दल जे लिहिलं ते काय मैदानात पुसलं जातं?

आमच्याकडची बरीचशी पोरं शेतकऱ्याची. दूध, तूप, बदाम, महिन्याचा खुराक बाप कर्ज काढून पुरवतो. त्या बापाच्या फोनवर पोराला शिव्या घातलेली रील येते. मी समोर बसून पाहिलंय. म्हाताऱ्याने फोन उलटा ठेवला आणि गोठ्यात निघून गेला.

शिकागोकर

मूळचा सहकारनगरचा, इथे अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं वेड किती आहे ते रोज बघतो. कॉलेज स्पर्धा चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिने आपल्या मोठ्या स्पर्धांमधल्या खेळाडूंच्या खात्यांवर काय येतं, ते सिग्निफाय नावाच्या कंपनीकडून तपासून घेतलं आणि २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. शिवीगाळीतला साधारण १२ टक्के मजकूर थेट सट्ट्याशी जोडलेला होता. बास्केटबॉलमध्ये मुलींना आलेल्या धमक्या मुलांच्या जवळजवळ तिप्पट.

सट्ट्याचं कारण असं की इथे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एकेका राज्यात क्रीडा सट्टा कायदेशीर होत गेला. त्यात अमुक खेळाडू किती गुण करेल यावरही पैसे लावता येतात. म्हणजे संघ जिंकला तरी वीस वर्षांच्या पोराने दोन गुण कमी केले म्हणून कुणाचे तरी पैसे बुडतात, आणि तो थेट त्या पोराला मेसेज करतो. संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरच्या अशा पैजा सगळ्या राज्यांनी बंद कराव्यात असं जाहीर सांगितलं. ओहायोसारख्या काही राज्यांनी केल्याही.

इथल्या खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, मोठ्या कॉलेजांत मानसोपचारतज्ज्ञ असतात, माध्यमं सांभाळणारा माणूस असतो. तरीही ती मुलं मोडतात. मीनलताईंच्या भाचीच्या बाजूला यातलं काहीच नाही. मला त्या मुलीची काळजी जास्त वाटते.

टेनिसबॉल_मुळशी

@शिकागोकर, सट्टा तिकडेच आहे असं समजू नका. आमच्याकडे टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर दिवसभर चालतात. गावातल्या मैदानावर सहा-आठ षटकांचा सामना, पण चॅट वाचली तर कळतं की कुठून कुठून लोक पैसे लावून बसलेत. फलंदाज बाद झाला की "विकला गेला", झेल सुटला की "विकला गेला". ज्याचा झेल सुटला तो हिंजवडीत रात्रपाळी करून आलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ड्रीम११ सारख्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण टेलिग्रामवरच्या पैजांना कोण विचारतो? "पैसे खाल्ले" ही शिवी आली की समजायचं, लिहिणाऱ्याचे स्वतःचे गेलेत.

सणस_पहाटे

मी सणस मैदानावर पळायला जाते, तिथल्या ज्युनियर मुलींना ओळखते. शर्यतीचा व्हिडिओ टाकला की वेळेबद्दल दोन कमेंट आणि शॉर्ट्सबद्दल वीस. त्यामुळे मुली व्हिडिओच टाकत नाहीत, मग प्रायोजक विचारतो, "तुमचं प्रोफाइल कुठे आहे?" दोन्हीकडून मार.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने टोकियो ऑलिंपिकच्या वेळी १६१ खेळाडूंची ट्विटर खाती तपासली होती. त्यात सापडलेल्या शिवीगाळीपैकी ८७ टक्के स्त्री खेळाडूंच्या वाट्याची होती.

आणि त्याच ऑलिंपिकमधली हॉकीपटू वंदना कटारिया विसरू नका. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक, ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला. त्यानंतर काही दिवसांतच उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून १-२ हार, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर जाऊन लोकांनी फटाके वाजवले, जातीवरून शिव्या दिल्या. देशासाठी हॅटट्रिक करून घर वाचलं नाही. "चार चढाया मार" म्हणणाऱ्या काकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जुना_खोखोपटू

@सणस_पहाटे, वंदनाचं उदाहरण सोडून बोलूच शकत नाही, तो गुन्हाच होता. माझा मुद्दा इतकाच की सगळं बंद करण्याच्या नादात महिलांच्या खेळाचा प्रेक्षकही जाऊ नये. आमच्या खो-खोला प्रेक्षक मिळवायला किती वर्षं गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हा कुठे शेजारच्यांना कळलं की या खेळात विश्वचषक असतो. यूट्यूबच्या चॅटमध्ये गावाकडची माणसं "आमची पोरगी खेळतेय" म्हणून लिहितात, तेही बंद करणार का?

अ‍ॅड_शिवाजीनगर

कायद्याचं थोडक्यात. "सोशल मीडियावर शिवी दिली की ६६अ लागतं" असं अजून लोक सांगतात. आयटी कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. पण बाकी बरंच शिल्लक आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द, कलम ७९. ऑनलाइन पाठलाग, नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज, कलम ७८. धमकी कलम ३५१, आणि धमकी देणाऱ्याने ओळख लपवली असेल तर त्याच कलमात जादा शिक्षा. अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं ६७. जातीवरून लिहिलंय आणि मुलगी अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही बघावा लागेल. संघात १८ वर्षांखालच्या मुली असतील आणि त्यांच्याबद्दल लैंगिक मजकूर असेल तर प्रकरण पॉक्सोत जातं.

आधी पुरावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ दिसली पाहिजे. खात्याचं दिसणारं नाव लोक बदलतात, म्हणून प्रोफाइलची लिंक स्वतंत्र लिहून ठेवा. भाचीला तिची "सॉरी दादा" उत्तरं पुसायची असतील तर हे सगळं जतन झाल्यावरच पुसू द्या. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा किंवा जवळच्या ठाण्यात जा. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. शिवाय इन्स्टाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टाका, २०२१ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत पोच द्यावी लागते.

सगळ्यांवर गुन्हा दाखल करायच्या मागे लागू नका. धमकी, लैंगिक आणि जातीवाचक, एवढेच निवडा. "खेळता येत नाही" हा गुन्हा नाही.

ढोलपथक_दक्षिण

मी म्हणतो आपण सगळ्यांनी त्या रीलवर जाऊन चांगल्या कमेंट करूया ना! पथकातली दीडशे पोरं आणतो. शिव्या पार खाली जातील.

रील_संपादक

@ढोलपथक_दक्षिण, भावना एकदम कबूल, पण कृपया असं करू नका. चांगली काय, वाईट काय, कमेंट पडली की ती रील आणखी लोकांना दाखवली जाते. दीडशे पोरं गेली तर उद्या ती रील नागपूरपर्यंत पोचेल. कौतुक करायचं तर संघाच्या पानावर करा, तिच्या चांगल्या चढायांचा व्हिडिओ टाका, तिथे आणा पथक.

मी स्थानिक स्पर्धांचं लाइव्ह करतो म्हणून आतलं सांगतो. चॅट बंद करणं एका बटणाचं काम आहे. पण प्रायोजकाला आकडे दाखवायचे असतात आणि चॅट चालू असली की माणूस टिकतो, म्हणून आयोजक नको म्हणतात. मधला मार्ग आहे, चॅटचा वेग कमी करता येतो, म्हणजे एका माणसाला एक कमेंट टाकली की थोडा वेळ थांबावंच लागतं. ठरावीक शब्द अडवताही येतात. अडचण अशी की शिव्या मराठीत असतात आणि लिहितात रोमन लिपीत, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, मध्ये टिंब घालतात, आकडे घालतात. यंत्राला कळत नाही. त्यामुळे एक माणूस चॅटवर बसवावाच लागतो, आणि त्याचं मानधन कुणाच्याच बजेटमध्ये नसतं. समालोचकाला असतं, झेंड्यांना असतं, ड्रोनला असतं.

आता मीनलताईंसाठी कामाची गोष्ट. ते चित्रण आयोजकांचं किंवा त्यांनी नेमलेल्या चॅनेलचं आहे. रील बनवणाऱ्याने ते न विचारता उचललंय. शिवीगाळीची तक्रार इन्स्टावर लोंबकळते, पण चित्रणाच्या मालकाने कॉपीराइटची तक्रार केली तर रील लवकर उतरते, असा माझा अनुभव आहे. ती तक्रार मालकानेच करावी लागते, तुम्ही नाही. उद्या सकाळी आयोजकांना फोन करा आणि एवढंच मागा.

अनघा_के

हे मला माहीतच नव्हतं. फार उपयोगी.

कोपरारक्षक

उशिरा आलो. मी कबड्डीत पंचगिरी केली आहे, म्हणून मूळ सामन्याचं चित्रण शोधून शेवटची चढाई नीट पाहिली. रील नाही, पूर्ण सामना.

मंडळी, त्या क्षणी समोर पाचच बचावपटू होत्या. बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण लागू व्हायला मैदानात किमान सहा जणी लागतात. म्हणजे बोनस नव्हताच! "बोनस का घेतला नाही" म्हणून जे शिव्या देतायत त्यांना नियम माहीत नाही आणि त्या पोरीला माहीत होता. बोनस रेषेकडे जाऊन वेळ घालवला असता तरी गुण शून्य. समोरच्या पाच जणींत उजवी कोपरा रक्षक एक पाऊल पुढे आलेली होती, तिला पायाने स्पर्श करून मागे यायचं हाच बरोबर निर्णय. स्पर्श झालाही. त्या कोपरा रक्षकाने घोटा इतका सुंदर धरला आणि मध्यरक्षकाची साथ इतकी वेळेवर आली की सुटणं कुणालाच शक्य नव्हतं. पकड उत्तम होती, चढाई चुकीची नव्हती.

रीलमध्ये कापताना चौकट जवळ घेतलीय, त्यामुळे समोर किती जणी आहेत ते दिसतच नाही. तिला माझा निरोप द्या, चढाई बरोबर होती.

मीनल_कोथरूड

@कोपरारक्षक, हे वाचून दाखवलं. म्हणाली, "मावशी, मी तेव्हाच मोजल्या होत्या पाच." मग इतके दिवस बोलली का नाहीस, तर म्हणे, "मला कुणी विचारलंच नाही."

@रील_संपादक, आयोजकांना फोन केला. आधी "ताई, प्रसिद्धीच होतेय ना संघाची" असं उत्तर मिळालं. मग माझ्या बहिणीने फोन घेतला आणि त्यांना त्यातल्या तीन कमेंट मोठ्याने वाचून दाखवल्या. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. संध्याकाळी तक्रार टाकली त्यांनी. मूळ रील उतरली, दोन ठिकाणी पुन्हा टाकलेली अजून आहे, त्याच्याही मागे लागलोय.

@अ‍ॅड_शिवाजीनगर, सांगितलंत तसं सगळं जतन केलं. धमकीचे दोन आणि जातीवाचक एक, एवढ्यांची तक्रार केली आहे. गल्लीतल्या दोघांपैकी एकाच्या आईला माझी बहीण भेटून आली. त्या माउलीला फोन दाखवला तर तिने मुलाला तिथेच बोलावलं. पुढचं मी लिहीत नाही, पण त्या मुलाने कमेंट काढली आणि येऊन भाचीची माफी मागितली. दुसऱ्याने ब्लॉक केलं.

भाची सरावाला जातेय. लाइव्ह असलेला सामना खेळणार नाही म्हणते. त्यावर आम्ही कुणी काही बोललेलो नाही.

आखाडावाला

आईला फोन दाखवण्याचा उपाय सगळ्यात जालीम. हौशी खेळात शिव्या देणारा निम्म्या वेळा ओळखीतला असतो, तेवढा एक फायदा.

सणस_पहाटे

@आखाडावाला, फायदाही आणि धोकाही. ज्याने लिहिलं तो उद्या मैदानाच्या फाटकावर उभा असतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने यामुळेच सरावाची वेळ बदलली. त्यामुळे घरी जायचं तर मोठ्यांनी जावं, मुलीला सोबत नेऊ नये.

जुना_खोखोपटू

कोपरारक्षकांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. हे काम तिच्या प्रशिक्षकाने त्याच रात्री करायला हवं होतं. संघाच्या पानावर दोन ओळी, "चढाईचा निर्णय आमचा होता, बोनस लागू नव्हता, मुलीमागे संघ उभा आहे." कुठे होते ते? आमचे सर हरल्यावर आम्हाला मैदानात तासभर झापायचे, पण बाहेरच्या माणसाने एक शब्द काढला तर स्वतः पुढे व्हायचे. चॅट पूर्ण बंद करू नये या मताचा मी आहेच. पण चॅटवर माणूस हवा आणि प्रशिक्षकाने पुढे यायला हवं, या दोन्हीला माझा पाठिंबा.

शिकागोकर

मीनलताईंच्या मूळ तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. चॅट बंद की चालू यापेक्षा प्रवेशपत्रिकेवरच अट का नको? संघ प्रवेश शुल्क भरतात, चित्रणाला परवानगी देतात, मग बदल्यात संघांनीही काही मागावं.

अ‍ॅड_शिवाजीनगर

मागता येईल. कच्चा मसुदा देतो, सुधारणा सुचवा:

"थेट प्रक्षेपणाच्या संपूर्ण वेळेत चर्चेवर देखरेख करणारी एक व्यक्ती आयोजक नेमतील. खेळाडूविषयी लैंगिक, जातीय, धार्मिक अथवा धमकीचा मजकूर आढळल्यास तो तत्काळ काढण्यात येईल. प्रक्षेपणातील चित्रणाचा खेळाडूच्या बदनामीसाठी वापर झाल्याचे संघाने कळवल्यास २४ तासांच्या आत आयोजक कॉपीराइटची तक्रार दाखल करतील. १८ वर्षांखालील गटाच्या सामन्यांत चर्चा बंद राहील."

कोपरारक्षक

चांगला आहे. "पंच व सामनाधिकारी" हेही घाला, त्यांनाही कमी ऐकावं लागत नाही. जिल्ह्यातल्या पाच-सहा संघांनी एकदम सही करून दिलं तर आयोजक नाही म्हणू शकणार नाहीत, संघच आले नाहीत तर स्पर्धा कुणाची घेणार? माझ्या ओळखीचे तीन संघ मी विचारतो.

टेनिसबॉल_मुळशी

टेनिस क्रिकेटसाठी "सट्ट्याचे आरोप" हा शब्दही घाला. मुळशी-मावळातल्या दोन आयोजकांशी बोलतो.

रील_संपादक

पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडे मुलींच्या स्पर्धेचं लाइव्ह आहे. चॅटवर बसायला दोन माणसं हवीत, संध्याकाळी सहा ते साडेदहा, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च माझा. मराठी नीट कळणारी आणि रोमन लिपीतल्या शिव्या वाचता येणारी हवीत. अडवायच्या शब्दांची यादीही वाढवतोय, सगळी स्पेलिंगं लागतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कृपया धाग्यावर लिहू नका.

ढोलपथक_दक्षिण

व्यनि केलाय. मी आणि पथकातली एक मुलगी येतो.